वनमालाताईंचा शब्द

वनमालाताई घरात आल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि भांड्यांची झाकणं उघडून पाहायच्या. चपला दाराशी, उन्हाचा स्कार्फ अजून तोंडाला गुंडाळलेला, आणि हात थेट कढईकडे. "वांगे केले का वं? तेल कमी टाकलं आज." दुसरी कोणी अशी वागली असती तर मी तिला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसता. पहिल्या दिवशी ताईंवरही मी मनातल्या मनात चडफडलेच. पण त्यांच्या वागण्यात आगाऊपणा वाटायचा नाही. लांबची आत्या मुक्कामाला यावी आणि तिने घर आपलं समजावं, तसं वाटायचं. एकदा मी हसत हसत विचारलं, तर म्हणाल्या, "मंगला, कागद खोटा बोलते. कढई नाही बोलत."

उभी हयात बँकेत काढलेल्या बाईचं हे वाक्य होतं. ताई प्रताप नगरात एकट्या राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि एकुलता एक मुलगा इटलीत, तुरीन नावाच्या शहरात. निवृत्तीनंतर त्या त्याच्याकडे जाऊन राहिल्या. तिथे थंडी, भाषा येत नाही, सून नोकरीवर. जीव रमेना. मुलाच्या बिल्डिंगच्या खालीच चर्चचं एक सभागृह होतं आणि तिथे टेबल टाकून काही म्हातारी माणसं बसायची. ही काय भानगड आहे म्हणून ताई मुलाला ओढत तिथे घेऊन गेल्या. तर ते गरिबांना छोटं कर्ज मिळवून देणारं ऑफिस निघालं. बँकेतली बाई ती. माशीला गूळ सापडावा तसं झालं.

"अवं, ती मोरोक्कोची बाई," ताई सांगायच्या, आणि ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की ती बाई माझ्या ओळखीची झाली होती. "तिले पाव भाजाची भट्टी पाहिजे होती. जवळ ना घर, ना दागिना, ना नवऱ्याची नोकरी. आपल्या बँकेनं तिले दारात उभं केलं नसतं. आन् तिथं एक रिटायर पोस्टमन उठला, म्हणे, मी हिच्या घरी जातो, हिले ओळखतो, ही पैसे परत करीन. झालं. बँकेनं देले." मग चष्मा पुसून पुढे म्हणायच्या, "शब्दावर देले. तारण काय, तं माणसाचा शब्द."

ताई नागपूरला परत आल्या त्या हे खूळ डोक्यात घेऊनच. आमच्या भागातल्या महिला पतसंस्थेत त्यांची जुनी मैत्रीण अध्यक्ष होती. तिच्या मागे लागून त्यांनी ही इटलीची रीत तिथे सुरू करायला लावली. कर्ज मागणाऱ्या बाईला संस्था एक सोबतीण देणार. सोबतीण दर आठवड्याला घरी येणार, धंदा पाहणार, अडलं तिथे शिकवणार, आणि कर्ज द्यायचं की नाही हे तिच्या शब्दावर ठरणार. त्यात एक नियम ताईंनी स्वतःचा घातला होता. सोबतिणीने जे सांगायचं ते सभेत, त्या बाईच्या तोंडावर सांगायचं. पाठीमागे नाही. आणि काय सांगणार हे आधी कोणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर दोघींचं संगनमत होतं. या नियमाचा त्यांना फार अभिमान होता.

मी तिथे छोटं कर्ज मागितलं तेव्हा माझी सोबतीण म्हणून ताईच आल्या, आणि मला तर ही सुटकाच वाटली. त्याआधी मी पाच बायकांच्या गटात कर्ज घेतलं होतं. एकीने हप्ता चुकवला की चौघींनी भरायचा, ही तिथली रीत. आमच्यातली एक गाव सोडून गेली तेव्हा आम्ही चौघी तिच्या सासूच्या दारात दिवसभर बसलो होतो. ती म्हातारी आतून कडी लावून रडत होती आणि आम्ही बाहेरून कडी वाजवत होतो. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका दोराने पाच गळे बांधले, याले काय कर्ज म्हणते का कोणी?" त्या दिवशी मला ही बाई आवडली.

माझा धंदा तिखटाचा. आम्ही पारडीच्या बाजूला राहतो, कळमना मार्केट जवळ. हंगामात तिथून भिवापुरी मिरची आणायची, देठं खुडायची, गच्चीवर वाळवायची, दुसऱ्याच्या चक्कीवर दळून आणायची आणि पाकिटं करून विकायची. ताईंना मिरचीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी त्या हट्टाने माझ्याबरोबर मार्केटला आल्या, आणि फाटकातून आत पाऊल टाकलं तशा शिंकायला लागल्या त्या बाहेर पडेपर्यंत. अडत्या बिचारा पाणी घेऊन आला. "बाई, तुम्ही बाहेर सावलीत बसा नं." ताई डोळे पुसत मला म्हणाल्या, "तू... भाव... आधी... तू नको सांगू." तेवढं एक वाक्य पूर्ण व्हायला चार शिंका मध्ये आल्या. अडत्याला हसू आवरेना, आणि त्या हसण्यात त्याने भाव थोडा उतरवला. ताईंनी त्याचं श्रेय पुढे वर्षभर घेतलं.

शिकवलं मात्र त्यांनी मनापासून. "घरच्या वरणात धंद्याचं तिखट टाकलं, तरी त्याचे पैसे धंद्याच्या डब्यात टाकजो," हे त्यांचंच. मी म्हटलं, ताई, चमचाभर तिखटाचे काय पैसे? तर म्हणाल्या, "चमचा घरचा असते म्हणूनच धंदा बुडते." अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर मी पहिल्यांदा पाकिटं मांडून बसले, तेव्हा ही रिटायर्ड ऑफिसर बाई माझ्या शेजारी फुटपाथवर पोतं अंथरून बसली होती. एका बाजूला पुस्तकांची दुकानं, दुसऱ्या बाजूला आम्ही. खेड्यांतून आलेल्या बायकांना त्या हात करून बोलवायच्या. "घ्या वं माय, भिवापुरी हाये. डोळ्यांतून पाणी नाही आलं तं पैसे वापस." संध्याकाळपर्यंत माल संपला. माझे यजमान दिलीप इलेक्ट्रिशियन आहेत, ते काम आटोपून तिथे आले आणि ताईंना हात जोडून म्हणाले, "जय भीम ताई. आमच्या घरात आता दोन मालकिणी झाल्या." ताई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. ताई दर गुरुवारी मेट्रोने शेवटच्या स्टेशनपर्यंत यायच्या आणि पुढे ई-रिक्षाने. माझी मुलगी पूर्वा त्यांना इटलीवाली आजी म्हणायची. तिच्या वहीला कव्हर घालून देणं, सासूबाईंच्या दम्याच्या पंपाची चौकशी करणं, माझ्या ब्लाउजचा उसवलेला हात शिवून देणं, हे सगळं त्या झाकणं उघडण्याइतक्याच सहज करायच्या. आपल्याकडे एखादी बाई घरात बसून पोळ्या लाटू लागली की ती जामीनदार उरत नाही. ती कोण होते ते वेगळं सांगावं लागत नाही. तुरीनच्या त्या पोस्टमनने मोरोक्कोच्या बाईच्या घरी कधी पोळ्या लाटल्या असतील असं मला वाटत नाही. कदाचित म्हणूनच तिथे ती रीत चालत असेल.

संक्रांतीच्या सुमारास घरात मोठं भांडण झालं. वाळत्या मिरचीच्या ठसक्याने सासूबाईंचा दमा उसळला, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि यजमान मला म्हणाले, "धंदा पाहिजे का माय पाहिजे, ते एकदा सांगून दे." मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी नेमका गुरुवार. ताई आल्या तेव्हा मी कणकेच्या परातीपुढे बसून रडत होते. मी म्हटलं, "ताई, मी पूर्वाले घेऊन वर्ध्याले भावाकडे चालली. मिरची तिथंही भेटते." ताईंनी परात माझ्यापुढून ओढून घेतली. कणिक मळली, पोळ्या केल्या, सासूबाईंना जेवू घातलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जाशीन. आधी जेव." मी जेवले.

संसारातलं भांडण. त्याच आठवड्यात यजमानांनी दोन घरं सोडून असलेल्या एका रिकाम्या गच्चीची किल्ली मागून आणली, स्वतः ताडपत्री बांधली आणि मिरची तिकडे हलवली. मला काही बोलले नाहीत, मीही काही बोलले नाही, मिटलं. पुढच्या गुरुवारी मी ताईंना हसत हसत हे सांगितलं. त्याही हसल्या. "मले माहीत होतं. जातं कुठं तू." वर्ध्याचा विषय तिथे संपला, असं मी समजले. नवऱ्याला तर तो कधी कळलाच नव्हता.

मग चक्कीचं निघालं. दुसऱ्याच्या चक्कीवर दळलं की आधीच्या माणसाची हळद, धणे, काय काय त्यात मिसळतं आणि गिऱ्हाईक पाकीट परत आणून देतं. लकडगंजात एक म्हातारे गृहस्थ दुकान बंद करत होते. त्यांची तिखटाची चक्की चांगली होती आणि किंमत रास्त. महिनाअखेरपर्यंत ते थांबायला तयार होते. स्वतःची चक्की आली असती तर माझा माल माझ्या नावाने विकला गेला असता, आणि वर शेजारपाजारच्या बायकांचं दळणही मिळालं असतं. मी बयाना दिला आणि पतसंस्थेत मोठ्या कर्जाचा अर्ज केला. ताई म्हणाल्या, "कर. वेळ हीच हाये." यजमानांनी तर चक्की बसवायची जागा साफ करून वायरिंगही करून ठेवली.

सभेच्या आदल्या दिवशी ताई आल्या. गुरुवार नव्हता, तरी आल्या. नेहमीप्रमाणे झाकणं उघडली. झुणका होता. भाकरीबरोबर दोनदा मागून घेतला, वर चहा घेतला. पूर्वाच्या वेण्या घालून दिल्या. निघताना चपला घालत म्हणाल्या, "उद्या दिलीपलेही आणजो. मोठं कर्ज हाये, त्याची सही लागन." मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला होता. मला वाटलं, मायेने.

सभा म्हणजे एका खोलीत टेबलापलीकडे अध्यक्षबाई आणि संस्थेच्या दोघी, अलीकडे आम्ही नवरा-बायको. ताई नियमाप्रमाणे उभ्या राहिल्या. माझं कौतुक केलं, अगदी तोंड भरून. कष्टाळू आहे, हिशेबाला चोख आहे, हप्ता कधी चुकला नाही, माल खरा आहे. यजमान खुर्चीत ताठ होऊन ऐकत होते. मग अध्यक्षबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, घरची बाजू कशी आहे? ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"घर चांगलं आहे. पण संक्रांतीच्या सुमारास मंगलाबाई मुलीला घेऊन कायमचं वर्ध्याला, भावाकडे जाण्याचं बोलल्या होत्या. आता मिटलं आहे, असं त्या म्हणतात. कर्ज मोठं आहे. हे माझ्या शब्दात आलं पाहिजे."

मंगलाबाई. माझ्या पोळ्या लाटणारी, माझ्या पोरीच्या वेण्या घालणारी बाई मला मंगलाबाई म्हणाली. आणि 'कायमचं' हा शब्द माझा नव्हता. तो त्यांनी माझ्या रडण्यावरून लावलेला अर्थ होता. पण हे मी तिथे काय बोलणार? यजमान माझ्याकडे पाहत नव्हते, टेबलाकडे पाहत होते. अध्यक्षबाई समजूतदारपणे म्हणाल्या, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. ताई खाली बसल्या. खोटं त्या काहीच बोलल्या नव्हत्या, पाठीमागे तर मुळीच बोलल्या नव्हत्या. त्यांच्या नियमात सगळं बसत होतं.

घरी येताना यजमान स्कूटर चालवत होते. इतवारीच्या सिग्नलला गाडी थांबली. मान न वळवता त्यांनी विचारलं, "पोरीलेही घेऊन जाणार होती?"

"रागात बोलली होती मी."

"त्यांले सांगितलं. मले काहून नाही सांगितलं?"

मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं आम्हाला कळलं. त्यावर पुन्हा ते कधी बोलले नाहीत. बोलले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यांनी चक्की दुसऱ्याला विकली, बयाना मात्र प्रामाणिकपणे परत दिला. वायरिंगची पेटी भिंतीवर तशीच राहिली. नंतर यजमानांनी ती काढून एका गिऱ्हाइकाच्या घरी लावली.

पुढच्या गुरुवारी ताई आल्या. मी दारातच उभी होते. पुढच्या खोलीत खुर्ची मांडली, म्हटलं, "बसा." आमच्या घरात त्या इतक्या दिवसांत कधी खुर्चीवर बसल्या नव्हत्या. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि बसल्या. मी ट्रेमध्ये पाणी आणून दिलं. ट्रे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "राग आला का वं?" "नाही ताई. चहा घ्याल?" "नको," म्हणाल्या, आणि पाणी पिऊन गेल्या. त्यानंतरही दोन-तीनदा आल्या. दर वेळी खुर्ची, दर वेळी ट्रे. मग यायच्या थांबल्या. संस्थेने दुसरी सोबतीण देऊ केली, मी नको म्हटलं. जुनं कर्ज वेळेवर फेडलं आणि पुन्हा त्या दारात गेले नाही.

शेजारणी म्हणाल्या, तिचं कामच होतं ते, तू कशाला जीव लावला? बरोबर आहे. पण जीव लावायला मी गेले नव्हते. माझी परात तिने ओढून घेतली होती. मला राग आला, अजून येतो. चक्कीचा नाही, चक्की पुढेमागे होईल. आता राखीला मी वर्ध्याला निघाले की यजमान पिशवीकडे पाहतात आणि सहज बोलल्यासारखं म्हणतात, "पूर्वाची शाळा बुडन, तिले राहू दे." तेव्हापासून पूर्वा मामाकडे गेलेली नाही. ती मामाशी फोनवरच बोलते.

यंदा कळलं की ताई प्रताप नगरचा फ्लॅट विकून कायमच्या मुलाकडे निघाल्या आहेत. त्यांचाच फोन आला. "एकदा येऊन जा." मी जाणार नव्हते. यजमानच म्हणाले, "जा, भेटून ये. म्हाताऱ्या माणसाले नाही म्हणू नाही." घर रिकामं झालं होतं, सामानाला दोऱ्या बांधलेल्या. ताई वाळल्या होत्या. मला त्यांनी खाली सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "मी खोटं काय सांगितलं होतं वं? सांग."

"काहीच नाही."

"पाठीमागं बोलली का मी तुझ्या?"

"नाही."

"मंग?"

"आदल्या दिवशी तुम्ही माझ्या घरी जेवल्या, ताई."

ताई सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगाले तं आली होती. तू म्हणाली असती, नका बोलू. आन् मी नसती बोलली." पुन्हा म्हणाल्या, "नसती बोलली मी, मंगला."

हे ऐकायला मी इतके दिवस थांबले होते, आणि ऐकून काही हलकं वाटलं नाही. उलट जास्तच लागलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. माझा एक शब्द पुरला असता हे माहीत होतं, म्हणून तो शब्द माझ्या तोंडून निघू नये याची त्यांनी काळजी घेतली. झुणका खाल्ला, हात धरला, आणि गेल्या.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. माझ्या पिशवीकडे पाहून, लहान पोर मागतं तसं म्हणाल्या, "तिकडच्या मिरचीले काही चव नाही. तिखट आणलं का माह्यासाठी?"

यंदाचं पहिलं दळण. अर्धा किलो, दुहेरी पाकिटात, वास बाहेर येऊ नये म्हणून वरून टेप लावून मी पिशवीत घातलं होतं.

"नाही ताई," मी म्हटलं. "घाईत राहून गेलं."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरंच वाटलं; माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. पाकीट घेऊन मी मेट्रोत बसले.